वर्गाचा वारसा आणि त्याचा प्रतिबंध

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या मार्गाजवळ बसवकल्याण हे गाव आहे. तेच प्राचीन कल्याण. चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या राजवटीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपली 'मिताक्षरा' टीका येथेच सिद्ध केली. वारशाने मिळणाऱ्या धनाला तीत 'दाय' म्हटले असून त्याचे दोन भेद केले आहेत. पुत्राला वडिलार्जित धनावर जन्मतःच जो हक्क प्राप्त होतो तो अप्रतिबंध दाय. भाऊ, चुलता इत्यादींना मूळ स्वामी निपुत्रिक मृत झाल्यावाचून जे मिळू शकत नाही तो सप्रतिबंध दाय. पहिल्या प्रकारात पित्याच्या अनुमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. जन्म हेच प्रमाण.

संगणकाच्या प्रोग्रामलेखनात गेली सहा दशके 'वारसा' हा शब्द रूढ होत गेला, आणि हाच भेद तेथे निराळ्या वेषात पुन्हा उपस्थित झाला आहे. एखाद्या लेखकाने रचलेल्या वर्गाचा वारस होण्याचा हक्क इतर प्रत्येकाला आपोआप असावा, की मूळ लेखकाच्या स्पष्ट अनुमतीनेच मिळावा? तो नाकारण्याचा अधिकार लेखकास असावा काय, आणि असल्यास त्याने तो केव्हा वापरावा? भाषेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. मराठीची रूपे संगणकाकडून करवून घ्यावयाची म्हटले की तो पहिल्याच टप्प्यावर पुढे येतो.

प्रोग्रामर ज्यास 'क्लास' म्हणतात त्यास येथे वर्ग म्हटले आहे. वर्ग म्हणजे एका जातीच्या वस्तूंचे वर्णन: त्या वस्तूंजवळ कोणती माहिती असते आणि त्या कोणत्या कृती करू शकतात याचा आराखडा. 'नाम' असा एक वर्ग कल्पावा. त्यातील प्रत्येक वस्तू म्हणजे एक मराठी नाम. तिला तीन कृती येतात. पहिली 'सामान्यरूप': 'घर' दिले असता 'घरा', 'घोडा' दिले असता 'घोड्या' देणारी. दुसरी 'रूप': सामान्यरूपास प्रत्यय जोडून 'घराला', 'घोड्याने' अशी रूपे देणारी. तिसरी 'रूपावली': सर्व प्रत्ययांची रूपे एका कोष्टकात मांडून देणारी. आता दुसऱ्या कोणास 'नाम' या वर्गातील सर्व काही घेऊन त्यात थोडा बदल करावयाचा असेल, तर तो 'नाम' याचा वारस असा नवा वर्ग घोषित करतो. मूळ वर्गाच्या सर्व कृती वारसास न लिहिता मिळतात, आणि त्यांपैकी हवी ती त्याला पालटताही येते.

ही कल्पना ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड यांनी १९६७ च्या सुमारास सिम्युला भाषेत रूढ केली. सिम्युलात नव्या वर्गाच्या घोषणेआधी जुन्या वर्गाचे नाव लिहीत आणि त्या नावास पूर्वपद, जवळजवळ उपसर्गच, समजत. उपसर्ग लागल्याने धातूचा अर्थ बळेच अन्यत्र नेला जातो असे आपले जुने वैयाकरण म्हणत आले. त्या दृष्टीने पाहता 'वारसा' या कौटुंबिक रूपकापेक्षा ती व्याकरणी संज्ञाच अधिक सावध होती असे म्हणावयास हरकत नाही. वारसा म्हटले की फुकट मिळालेले धन तेवढे डोळ्यांपुढे येते.

हे धन फुकट नसते, हे दाखविण्यास वरील 'नाम' वर्ग पुरेसा आहे. व्यक्तिनामांचे सामान्यरूप करण्याची प्रथा मराठीत मागे पडत चालली आहे. 'रामाला', 'गोविंदाने' ही रूपे अजून कानांवर येतात. पण 'सुरेशाला', 'सुरेशाने' असे आज कोणी म्हणत नाही, 'सुरेशला', 'सुरेशने' असेच म्हणतात. तेव्हा एखाद्या दुसऱ्या लेखकाने 'व्यक्तिनाम' हा वारस वर्ग रचला आणि त्यात 'सामान्यरूप' ही एकच कृती पालटली: नाम जसे आहे तसेच परत द्यावे. बाकी सर्व मूळ वर्गाचे. मूळ वर्गातील 'रूप' ही कृती आतल्या आत 'सामान्यरूप' या कृतीस पाचारण करीत असल्यामुळे 'सुरेशला' हे रूप बिनचूक येऊ लागले, 'रूपावली'ही बिनचूक आली. एका ओळीत काम झाले.

पुढे वर्षभराने मूळ लेखकाच्या ध्यानात आले की, 'रूपावली' तयार करताना एकाच शब्दाचे सामान्यरूप प्रत्येक प्रत्ययागणिक पुन्हा पुन्हा काढले जाते. हा वेळेचा अपव्यय टाळण्यासाठी त्याने 'रूपावली' कृतीत सामान्यरूप एकदाच, आपल्या खाजगी तक्त्यातून थेट, घेण्याची व्यवस्था केली. 'घर', 'घोडा', 'माणूस' या सर्वांची रूपे पूर्वीप्रमाणेच आली; त्याने घेतलेल्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या. परंतु 'व्यक्तिनाम' या वारसाच्या घरी मात्र अनर्थ झाला. एकेक रूप मागितले तर 'सुरेशला' आणि कोष्टक मागितले तर 'सुरेशाला', अशी एकाच प्रोग्राममधून दोन उत्तरे निघू लागली. शब्दकोशाच्या संपादकाच्या हाती हे कोष्टक पडले, तर तो दोष 'व्यक्तिनाम' वर्गाच्या लेखकास देईल. त्या बिचाऱ्याने तर वर्षभरात एक अक्षरही बदललेले नसते.

येथे चूक कोणाची? मूळ लेखकाने जाहीर केलेले कोणतेही वचन मोडलेले नाही. वारसाने अनुमती नसलेले काही केलेले नाही. दोष इतकाच की, 'रूपावली' आतून 'सामान्यरूप' यास हाक मारते ही गोष्ट मूळ लेखकाच्या लेखी घरातली सोय होती आणि वारसाच्या लेखी ती घराचा पायाच होती. वारशामुळे मूळ वर्गाचा आतला भाग बाहेरच्या माणसाच्या भरवशाचा विषय होतो. ॲलन स्नायडर यांनी १९८६ मध्येच वारसा आणि अंतर्गोपन यांतील या विरोधाकडे लक्ष वेधले होते. पुढे या व्याधीस 'ठिसूळ मूळ वर्गाचा प्रश्न' असे नाव पडले.

यावर लेखकापुढे दोनच सरळ मार्ग राहतात. आपल्या कोणत्या कृती कोणत्या कृतींस आतून पाचारण करतात हे त्याने लिहून जाहीर करावे, आणि मग ती व्यवस्था जन्मभर पाळावी. नाही तर वारसाच बंद करावा. जावा भाषेतील अनेक ग्रंथालयांचे रचनाकार जोशुआ ब्लॉक यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात हाच विकल्प स्पष्टपणे मांडला. तिसरा मार्ग, म्हणजे काही न लिहिता दार उघडे ठेवणे, हा सर्वांत प्रचलित आहे, आणि त्याचे समर्थन मात्र कोणी करीत नाही.

बंद दाराचे सर्वांत परिचित उदाहरण जावामधील 'स्ट्रिंग' हा वर्ग होय. अक्षरांच्या माळेचे, म्हणजे कोणत्याही मजकुराचे, वर्णन करणारा हा वर्ग 'फायनल' या शब्दाने मोहोरबंद केलेला आहे. त्याचा वारस कोणालाही होता येत नाही. मराठीवर काम करणाऱ्यास याचा प्रथम राग येतो, आणि त्या रागास कारणही आहे. 'सोलापूर' या शब्दाची लांबी स्ट्रिंगला विचारली असता ती सात सांगते: स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार आणि र. युनिकोडच्या हिशेबाने ही सात एकके खरीच. पण मराठी लिहिणाऱ्या मुलालाही ठाऊक असते की अक्षरे चार आहेत: सो, ला, पू, र. मग स्ट्रिंगचा वारस असा 'मराठीशब्द' वर्ग करून त्यातील लांबीची कृती तेवढी पालटावी, म्हणजे ती चार हे उत्तर देईल, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे.

दार उघडे असते तर काय झाले असते ते पाहावे. जगातील असंख्य प्रोग्राम स्ट्रिंगकडून लांबी विचारून घेतात आणि मग पहिल्या एककापासून त्या लांबीपर्यंत एकेक एकक उचलीत जातात. त्यांच्या हाती 'मराठीशब्द' पडला असता, तर लांबी चार असे समजून त्यांनी पहिली चार एकके उचलली असती: स, ओकार, ल, काना. उरले असते केवळ 'सोला'. 'पूर' कोठे गेला याचा पत्ता लागला नसता. ('सोला' म्हणजे सोळा गावे ही लोकव्युत्पत्ती सांगणाऱ्यांस हा अपघात आवडेल, पण सिद्धरामेश्वरांच्या काळच्या शिलालेखांत गावाचे नाव 'सोन्नलगे' असे येते.) एकक उचलण्याची कृतीही पालटावी म्हटले तरी निभत नाही, कारण त्या कृतीने एकच एकक परत द्यावे असे ठरलेले आहे आणि 'पू' हे अक्षर दोन एककांचे आहे.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात आणि पुढे १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात जो नियम मांडला तो येथे नेमका लागू पडतो. मूळ वर्गाची वस्तू जेथे जेथे चालते तेथे तेथे वारसाची वस्तू ठेवली असता, मूळ वर्गाविषयी गृहीत धरलेले काहीही खोटे पडता कामा नये. 'मराठीशब्द' हा या अर्थाने स्ट्रिंगचा वारस होऊच शकत नाही. त्याला वारस म्हणणे हा शब्दाचा अपवापर होय. शिवाय 'अक्षर' कशास म्हणावे याचा निर्णय तरी कोठे स्थिर आहे? युनिकोडच्या सर्वसाधारण खंडनियमानुसार 'क्ष' या जोडाक्षराचे दोन खंड पडत असत. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ या आवृत्तीपासून देवनागरीतील असे जोडाक्षर एकच खंड मानले जाते. लांबीचे उत्तर ज्या व्याख्येवर अवलंबून आहे तीच बदलती असेल, तर ती स्ट्रिंगसारख्या मूलभूत वर्गाच्या अंगात शिरू न देणे हेच शहाणपणाचे.

मराठीच्या अभ्यासकाला उपाय उरतो तो असा: स्ट्रिंगचा वारस न होता स्ट्रिंग आपल्याजवळ बाळगावी. 'मराठीशब्द' हा स्वतंत्र वर्ग. त्याच्या पोटात एक स्ट्रिंग. आणि त्याच्या कृतीचे नाव 'लांबी' असे न ठेवता 'अक्षरसंख्या' असे ठेवावे. स्ट्रिंगने सात म्हणावे, शब्दाने चार म्हणावे. दोघेही खरे, कारण प्रश्न दोन आहेत. मूळ वर्गाच्या ज्या कृती हव्यात त्या एकेक करून पुढे पाठविण्याचे थोडे कंटाळवाणे लेखन मात्र करावे लागते.

स्ट्रिंग बंद ठेवण्यास आणखी एक कारण होते, ते सुरक्षिततेचे. एखादी फाईल उघडण्यापूर्वी प्रोग्राम तिचे नाव तपासतो आणि मग ते नाव उघडणाऱ्या यंत्रणेकडे देतो. नाव ही वारसाची वस्तू असू शकली असती, तर एखाद्या लबाड वारसाने तपासणीच्या वेळी एक नाव सांगितले असते आणि उघडण्याच्या वेळी दुसरे. जावामधील मोठ्या पूर्णांकांचा 'बिगइंटिजर' हा वर्ग प्रारंभी असा बंद केला गेला नाही. त्याचा परिणाम असा की, अविश्वसनीय ठिकाणाहून आलेला बिगइंटिजर खरोखर मूळ वर्गाचाच आहे की वारसाचा, हे सावध लेखकास स्वतः तपासावे लागते. आता तो बंद करावा, तर आजवर ज्यांनी त्याचे वारस रचले त्यांचे प्रोग्राम मोडतील. उघडे दार मागाहून बंद करणे जवळजवळ अशक्य असते. बंद दार मागाहून उघडता येते. निर्णय करताना या विषमतेला मोठे वजन द्यावयास हवे, पण वर्गांच्या लेखकांस तिची आठवण बहुधा उशिराच होते.

प्रतिबंधाच्या रीती भाषापरत्वे भिन्न आहेत. जावात 'फायनल', सी-शार्पमध्ये 'सील्ड', आणि सी-प्लस-प्लसमध्ये २०११ च्या प्रमाणकापासून 'फायनल'. हा शब्द मिळण्यापूर्वी सी-प्लस-प्लसचे प्रोग्रामर एक युक्ती करीत. वारसाची वस्तू निर्माण होताना मूळ वर्गाची निर्माणकृती चालावीच लागते. ती कृतीच खाजगी करून टाकली की वारसाचा जन्मच होऊ शकत नाही. पायथॉनची वृत्ती निराळी. २०१९ च्या ३.८ आवृत्तीत तेथेही 'फायनल' ही खूण आली, पण ती वाचतो तो प्रोग्रामचा पूर्वपरीक्षक; प्रोग्राम चालविताना भाषा स्वतः वारसास अडवीत नाही. शुद्धलेखनाचा नियम आणि न्यायालयाचा मनाईहुकूम यांत जे अंतर, तेच येथे आहे. मात्र सत्यासत्य दर्शविणारा स्वतःचा 'बूल' हा वर्ग पायथॉनने खरोखरच बंद ठेवला आहे. खरे आणि खोटे यांखेरीज तिसरी वस्तू त्या जातीत कोणी आणू नये, हा त्यातील हेतू उघड आहे.

या शेवटच्या उदाहरणात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ओळखीचे काही दिसेल. शब्दजातींचे विवृत आणि संवृत असे दोन गट केले जातात. नामे विवृत: 'मोबाईल', 'रिक्षा' हे शब्द कोणास न विचारता मराठीच्या नामांत येऊन बसले. सर्वनामे संवृत: हजार वर्षांच्या शेजारानंतरही कन्नड वा तेलुगू सर्वनाम सोलापुरी मराठीत रुजलेले नाही. काही वर्ग स्वभावतःच वाढते असतात, काही मोजके. जावाच्या १७ व्या आवृत्तीत (सप्टेंबर २०२१) 'सील्ड' वर्गांची जी सोय कायम झाली ती या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. मूळ वर्ग आपल्या वारसांची नावे स्वतःच लिहून देतो आणि इतरांस मज्जाव करतो. 'लिंग' या वर्गाचे वारस पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, चौथा नाही. त्याचा लाभ असा की, लिंगानुसार विशेषणाचे रूप ठरविणाऱ्या प्रोग्राममध्ये नपुंसकलिंगाचा विचार राहून गेला, तर कंपायलर तो प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच ती उणीव दाखवून देऊ शकतो. हिंदीच्या दोन लिंगांवर बेतलेला प्रोग्राम मराठीसाठी वापरणाऱ्यास ही मदत किती मोलाची आहे, ते सांगावयास नको.

पाणिनीपुढेही मर्यादेचा हा प्रश्न होता. अष्टाध्यायीत पूर्वसूत्रातील पदे पुढील सूत्रांत न लिहिता चालत येतात. ही अनुवृत्ती म्हणजे एक प्रकारचा वारसाच. ती कोठे थांबते? अधिकाराची खूण स्वरिताने ओळखावी असे पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सांगितले आहे. पण स्वरांच्या त्या खुणा आपल्यापर्यंत आलेल्या पाठात टिकल्या नाहीत, आणि एखादे पद पुढे न्यावे की थांबवावे याविषयी टीकाकारांना व्याख्यानाचा आश्रय घ्यावा लागला. याच्या उलट चौथ्या अध्यायात तद्धितांच्या प्रकरणी काही अधिकारांची सीमा 'प्राक्' या शब्दाने सूत्रातच बांधून दिली आहे. तेथे वादास जागा उरत नाही. खुणेवर सोपविलेली मर्यादा खुणेबरोबर जाते, आणि शब्दांत लिहिलेली मर्यादा पाठाबरोबर टिकते, हे या दोन रीतींतील अंतर.

प्रतिबंधाची बाजू येथवर भक्कम दिसत असली तरी तिला आक्षेप आहेत आणि ते दुर्बल नाहीत. पहिला चाचणीचा. एखाद्या वर्गाची चाचणी घेताना, तो ज्या दुसऱ्या वर्गावर अवलंबून आहे त्याच्या जागी एक खोटी वस्तू उभी करतात, आणि ती उभी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या दुसऱ्या वर्गाचा वारस करणे. तो बंद असेल तर हा मार्ग खुंटतो. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: मूळ लेखकास सर्व भावी उपयोग दिसत नाहीत; ज्या बदलाची त्याला कल्पनाही नव्हती त्याची गरज उद्या पडेल, आणि त्या वेळी तो लेखक कदाचित उपलब्धही नसेल. २०१६ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या कॉटलिन भाषेने सर्व वर्ग मुळातच बंद ठरविले. वारसा हवा असल्यास लेखकाने 'ओपन' हा शब्द लिहावा. मिताक्षरेच्या भाषेत बोलावयाचे तर जावाचा वारसा अप्रतिबंध आणि कॉटलिनचा सप्रतिबंध. (साम्य येथेच थांबते, विज्ञानेश्वराचा प्रतिबंध स्वामीच्या हयातीचा आहे, कॉटलिनचा स्वामीच्या इच्छेचा.) जावाजगतातील 'स्प्रिंग' यासारख्या चौकटी प्रोग्राम चालू असतानाच लेखकाच्या वर्गांचे वारस स्वतः घडवून काम करतात; त्यांच्याशी कॉटलिनची गाठ पडली तेव्हा ठराविक वर्ग आपोआप उघडे करून देणारी स्वतंत्र सोय त्या भाषेला पुरवावी लागली.

तरीही या आक्षेपांनी सिद्ध होते ते इतकेच की, वारसा कोठे तरी उघडा हवा. कोठे, याचे उत्तर विषयाच्या स्वभावात शोधावे लागते. वरील मराठी प्रोग्रामपुरते पाहिले तर 'लिंग' आणि 'वचन' हे वर्ग नावे लिहून बंद करण्यास कोणाची हरकत असू नये. 'मराठीशब्द' हा पूर्ण बंद असावा. 'नाम' वर्गात 'रूपावली' ही कृती तेवढी 'फायनल' करावी, म्हणजे वारसाला ती पालटता येणार नाही. 'सामान्यरूप' मात्र पालटण्यासाठीच आहे असे लिहून द्यावे, आणि 'रूप' व 'रूपावली' या दोन्ही तिच्याच द्वारे चालतील हे वचनही लिहून द्यावे. मग 'सुरेशाला' उद्भवणार नाही.

येथपर्यंत आल्यावर ग्रामनामांचा विचार केला की एक नवीच अडचण पुढे येते. 'पुणे' याची रूपे 'पुण्याला', 'पुण्याचा', 'पुण्यात' अशी सर्वत्र सामान्यरूप घेऊन होतात. 'सोलापूर' याची तशी होत नाहीत: 'सोलापूरला', 'सोलापूरचा', 'सोलापूरहून' यांत सामान्यरूप नाही आणि 'सोलापुरात' यात आहे, तेही ऱ्हस्व उकारासह. म्हणजे सामान्यरूप होणार की नाही हे केवळ नामावर अवलंबून नसून पुढे येणाऱ्या प्रत्ययावरही अवलंबून आहे. वर कल्पिलेल्या 'सामान्यरूप' या कृतीला तर प्रत्यय कोणता हे सांगितलेलेच नाही. 'ग्रामनाम' या वारसाने ती कितीही पालटली तरी त्याला 'सोलापूरला' आणि 'सोलापुरात' ही दोन्ही रूपे देता येणार नाहीत. कृतीच्या घोषणेतच प्रत्ययाला जागा करावी लागेल. आणि 'व्यक्तिनाम' यासारखे वारस आधीच अस्तित्वात आले असतील, तर त्या बदलाने ते सर्व मोडतील. तेव्हा 'नाम' हा वर्ग प्रथम बंदच ठेवावा, ग्रामनामे, व्यक्तिनामे आणि परभाषेतून आलेली नामे यांची रूपे प्रत्यक्ष बोलण्यातून गोळा करून त्यावर पारखून घ्यावीत, आणि कृतीची घोषणा स्थिरावल्यानंतरच तो वारसांस खुला करावा.